सर दोराबजी टाटा: खोपोलीच्या विजेपासून कॅन्सरच्या सीटी स्कॅनपर्यंत

तुम्ही कर्जत, नेरळ, खोपोली किंवा खालापूर परिसरात राहत असाल आणि घरातल्या कुणाला डॉक्टरांनी कॅन्सरच्या संशयावरून सीटी स्कॅन सांगितला असेल, तर पुढच्या काही दिवसांत घरात एक शब्द हमखास ऐकू येतो, तो म्हणजे 'टाटा'. टाटाला दाखवायचे का, टाटाला कधी जायचे, टाटात ओळख आहे का. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे हे घरगुती नाव आहे. पण हे टाटा कोण, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कुणाला जमशेदजी आठवतात, कुणाला जे.आर.डी., कुणाला रतन टाटा. या हॉस्पिटलची कल्पना ज्यांच्या दुःखातून उभी राहिली ते सर दोराबजी टाटा. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांशी त्यांचा संबंध हॉस्पिटलच्याही आधीचा आहे.

या लेखात त्यांचे आयुष्य थोडक्यात सांगितले आहे आणि त्याच्या आधाराने तुमच्या उपयोगाच्या काही गोष्टीही:

• सीटी स्कॅन कॅन्सरबद्दल नेमके काय सांगतो
• गेल्या ५० वर्षांत हे तंत्र कुठून कुठे आले
• कोणते कॅन्सर सीटीमध्ये दिसत नाहीत
• स्कॅनला जाताना काय तयारी करावी

जमशेदजींचा मोठा मुलगा

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा. जमशेदजी टाटांचे ते थोरले चिरंजीव. शिक्षणासाठी ते इंग्लंडला केंब्रिजला गेले, दोन वर्षांनी परत आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वर्तमानपत्रात पत्रकारिता केली आणि मग वडिलांच्या व्यवसायात आले. काही काळ त्यांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही काम पाहिले.

१९०४ मध्ये जमशेदजी जर्मनीत वारले. त्यांची तीन मोठी स्वप्ने अपुरी होती: पोलादाचा कारखाना, विज्ञान संशोधनाची संस्था आणि पाण्यापासून वीज. तिन्ही पूर्ण करण्याची जबाबदारी दोराबजींवर आली. १९०७ मध्ये पोलाद कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद तयार होऊ लागले. बंगळूरची विज्ञान संस्था उभी राहिली. १९१० मध्ये दोराबजींना 'सर' हा किताब मिळाला. तिसरे स्वप्न मात्र आपल्या घाटाखाली पूर्ण झाले.

खोपोली आणि भिवपुरी

त्या वेळी मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. परळ-लालबागच्या आकाशात धुराड्यांचा धूर असे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याजवळ पावसाचे पाणी अडवायचे, ते मोठ्या नळांतून घाटाखाली सोडायचे आणि त्या जोरावर वीज तयार करायची, अशी ही योजना होती. १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि ८ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीजपुरवठा सुरू झाला. पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येत होते. एवढ्या उंचीवरून पाणी खाली आणून वीज करण्याचे काम त्या काळी मोठे धाडसाचे होते.

पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीला दुसरे वीजगृह सुरू झाले. त्यासाठी मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधले गेले. खोपोलीचे टर्बाइन फिरवून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगेला मिळते आणि भिवपुरीचे उल्हास खोऱ्यात उतरते. या पाण्याचा लाभ घाटाखालच्या गावांना झाला. वर धरणात मात्र मावळातल्या अनेक कुटुंबांच्या जमिनी गेल्या. टाटांच्याच पुढच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. दोराबजींच्या काळाची ही बाजूही लक्षात ठेवायला हवी.

हा इतिहास आरोग्याच्या पानावर सांगण्याचे एक कारण आहे. जो माणूस डोंगरावरचे पाणी खाली आणून मुंबईत दिवे लावू शकत होता, पोलादाचा कारखाना उभा करू शकत होता, त्याच्यावर पुढे अशी वेळ आली की पैसा, ओळखी आणि जिद्द यांपैकी कशाचाच उपयोग झाला नाही.

मेहरबाई

१८९८ मध्ये दोराबजींचे लग्न मेहरबाई भाभा यांच्याशी झाले. ते ३८ वर्षांचे होते आणि त्या १८ वर्षांच्या. मेहरबाईंचे वडील म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्यात मोठ्या पदावर होते. मेहरबाई उत्तम टेनिस खेळत, तेही साडी नेसून. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीत त्या खेळल्या. दोराबजींनाही खेळांची तितकीच आवड होती. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्यासाठी त्यांनी खटपट केली आणि स्वतःचे पैसेही घातले. मेहरबाईंनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी, पडदापद्धती आणि बालविवाह यांच्या विरोधात काम केले.

दोराबजींनी पत्नीसाठी 'ज्युबिली' नावाचा सुमारे २४५ कॅरेटचा हिरा घेतला होता. आकाराने तो कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ मध्ये पोलाद कंपनी इतकी अडचणीत आली की कामगारांचे पगार द्यायला पैसे नव्हते. तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता गहाण ठेवून बँकेकडून कर्ज उभे केले. त्यात हा हिराही होता. कंपनी सावरली आणि हिरा परत मिळाला. पुढे हाच हिरा हॉस्पिटलच्या गोष्टीत पुन्हा येतो.

१९३१ चा आजार

मेहरबाईंना ल्युकेमिया झाला. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रक्तपेशी तयार होतात. तिथे सदोष पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. रुग्णाला थकवा येतो, वारंवार ताप येतो, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे-जांभळे डाग दिसतात.

त्या काळी भारतात कॅन्सरसाठी वेगळे सुसज्ज हॉस्पिटल नव्हते. मेहरबाईंवर परदेशात उपचार झाले, पण १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या रुथिन इथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५१ होते. कॅन्सरवर तेव्हा शस्त्रक्रिया, एक्स-रे आणि रेडियम एवढीच प्रमुख साधने होती. ल्युकेमियावर औषधांनी काही काळ तरी आजार मागे हटवल्याचे पहिले यश १९४८ मध्ये लहान मुलांमध्ये दिसले. आज ल्युकेमियाच्या काही प्रकारांत रुग्ण पूर्ण बरे होतात आणि काही प्रकारांत रोज एक गोळी घेऊन वर्षानुवर्षे नेहमीचे आयुष्य जगतात. मेहरबाईंना यातले काहीच मिळू शकले नाही.

शेवटचे वर्ष

पत्नी गेल्यावर दोराबजी वर्षभरही जगले नाहीत. पण त्या वर्षात त्यांनी जे केले त्याचा उपयोग आपण आजही घेतो आहोत. त्यांना मूलबाळ नव्हते. ११ मार्च १९३२ रोजी त्यांनी आपली जवळपास सगळी संपत्ती एका विश्वस्त निधीला दिली. तो सर दोराबजी टाटा ट्रस्ट. जात, धर्म, प्रांत असा भेद न करता मदत करावी अशी त्याची रचना होती. एप्रिलमध्ये मेहरबाईंच्या नावाने दुसरा ट्रस्ट झाला, ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी. हा ट्रस्ट जगभरातल्या संशोधकांना मदत देत आला आहे.

जिथे पत्नीवर उपचार झाले तशा सोयी भारतात असाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. इंग्लंडमध्ये पत्नीच्या समाधीला भेट देण्यासाठी ते निघाले होते. वाटेत ३ जून १९३२ रोजी जर्मनीतल्या बाड किसिंगन इथे त्यांचे निधन झाले. लंडनजवळच्या ब्रुकवुड इथे मेहरबाईंशेजारीच त्यांचे चिरविश्रांतिस्थान आहे.

परळचे हॉस्पिटल

दोराबजींच्या पश्चात नौरोजी सकलातवाला आणि नंतर जे.आर.डी. टाटा यांनी ते काम पुढे नेले. १९३७ मध्ये ज्युबिली हिरा विकला गेला आणि ती रक्कम ट्रस्टच्या कामाला आली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सात मजली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. सुरुवातीला ८० खाटा होत्या. ज्या गिरणगावात खोपोलीची वीज पोचली होती, त्याच गिरणगावात हे हॉस्पिटल उभे राहिले.

१९५७ मध्ये हॉस्पिटल केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. अणुऊर्जा विभागाचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, म्हणजे मेहरबाईंचे भाचे. किरण आणि किरणोत्सर्गी पदार्थ कॅन्सरच्या तपासणीत व उपचारात मोठे काम करणार, हे त्यांनी ओळखले होते. पुढे तसेच झाले.

दोराबजींनी न पाहिलेले यंत्र

दोराबजींच्या काळात शरीराच्या आत पाहण्याचे एकच साधन होते, साधा एक्स-रे. एक्स-रेमध्ये शरीर एकावर एक ठेवलेल्या सावल्यांसारखे दिसते. छातीच्या फिल्ममध्ये बरगडी, हृदय, फुप्फुस सगळे एकाच कागदावर येते. हृदयामागे लपलेली लहान गाठ दिसत नाही. पोटात तर यकृत, स्वादुपिंड, आतडी यांच्या छटा जवळजवळ सारख्याच. म्हणून पोटात गाठ आहे का आणि असल्यास किती पसरली आहे, हे कळण्यासाठी अनेकदा पोट उघडूनच पाहावे लागे. उघडल्यावर काही करता येण्याजोगे नसेल तर तसेच शिवून टाकत.

ही अडचण सोडवली गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्लिश इंजिनिअरने. ते गाण्यांच्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत काम करत. त्यांची कल्पना सोपी होती. एक्स-रेची नळी शरीराभोवती फिरवायची, प्रत्येक कोनातून किती किरण पलीकडे पोचले ते मोजायचे आणि संगणकाने गणित करून शरीराच्या एका कापाचे चित्र काढायचे. पाव कापल्यावर प्रत्येक काप आतून दिसतो, तसेच. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. ती एक महिला होती, मेंदूत गाठ असल्याचा संशय होता आणि स्कॅनमध्ये ती गाठ दिसली. म्हणजे सीटी स्कॅनची सुरुवातच गाठ शोधण्यापासून झाली. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि त्याच विषयाचे गणित मांडणारे अॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तुमच्या रिपोर्टमध्ये कधी 'एचयू' असा आकडा दिसेल. तो हाउन्सफील्ड यांच्याच नावाचा. पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००, चरबी साधारण उणे १००, आणि हाड कित्येक शे. गाठीचा आकडा पाहून ती पाण्याची पिशवी आहे, चरबीची आहे की भरीव आहे, याचा अंदाज येतो. रिपोर्टमध्ये 'सिस्ट' हा शब्द दिसला की लगेच घाबरू नका. यकृतातली किंवा मूत्रपिंडातली साधी पाण्याची पिशवी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते.

पाच मिनिटांपासून एका श्वासापर्यंत

पहिल्या यंत्राला एका कापासाठी जवळपास पाच मिनिटे लागत आणि फक्त डोकेच तपासता येई. तेवढा वेळ श्वास रोखणे कुणालाच शक्य नाही, म्हणून छाती-पोटाची चित्रे काढणे अवघड होते. पुढचे मुख्य टप्पे असे:

• १९८९ च्या सुमारास स्पायरल सीटी आला. टेबल पुढे सरकत असतानाच नळी फिरत राहते. त्यामुळे काप सुटत नाहीत.

• १९९८ पासून मल्टिस्लाइस यंत्रे आली. आधी ४, मग १६, मग ६४ आणि त्याहून अधिक काप एका फेरीत. आज छाती आणि पोट काही सेकंदांत, एका श्वासात होते. एक मिलिमीटरहूनही पातळ काप मिळतात, त्यामुळे काही मिलिमीटरची गाठही दिसू शकते.

• ड्युअल एनर्जी तंत्रात दोन वेगळ्या ताकदीच्या एक्स-रेंनी चित्र घेतात. गाठीत रक्तपुरवठा कितपत आहे, हे त्यातून अधिक स्पष्ट होते.

• चित्र तयार करण्याची नवी संगणकीय गणिते आली, अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचीही मदत घेतात. त्यामुळे कमी किरणांत चांगले चित्र मिळते.

• फोटॉन काउंटिंग सीटी हा सर्वात नवा टप्पा. यात एक्स-रेचा प्रत्येक कण स्वतंत्र मोजला जातो. २०२१ मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला मंजुरी मिळाली. अशी यंत्रे महाग आहेत आणि अजून मोजक्याच ठिकाणी आहेत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्र किती 'स्लाइस'चे आहे, यावर जास्त पैसे खर्च करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. बहुतेक कॅन्सरच्या तपासणीसाठी १६ किंवा ६४ स्लाइसचे नीट चालवलेले यंत्र पुरते. यंत्राइतकेच महत्त्व योग्य पद्धतीने दिलेल्या कॉन्ट्रास्टला आणि चित्र वाचणाऱ्या अनुभवी रेडिओलॉजिस्टला आहे.

पेट-सीटी आणि परळ

सीटी गाठीचा आकार आणि जागा दाखवतो. पण ती गाठ जिवंत आहे की उपचारानंतर उरलेला व्रण आहे, हे आकारावरून नेहमी कळत नाही. त्यासाठी पेट-सीटी करतात. अगदी कमी किरणोत्सर्ग असलेली साखर शिरेतून देतात. बहुतेक कॅन्सरपेशी साखर जास्त वापरतात, म्हणून त्या जागा चित्रात उजळतात. सीटीचे चित्र त्याच वेळी घेतल्यामुळे उजळलेली जागा नेमकी कुठे आहे ते समजते.

ही साखर साठवून ठेवता येत नाही. सुमारे ११० मिनिटांत तिचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. म्हणून ती तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र फार लांब असून चालत नाही. भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळलाच, अणुऊर्जा विभागाच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. आणि २००४ मध्ये देशातला पहिला पेट-सीटी टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये बसला. मेहरबाईंच्या आठवणीतून उभे राहिलेले हॉस्पिटल आणि त्यांच्या भाच्याने घडवलेला अणुऊर्जा विभाग एकत्र असल्याचा हा थेट फायदा होता.

सीटीला काय दिसत नाही

आता एक महत्त्वाची गोष्ट. मेहरबाईंच्या काळात सीटी असता, तरी त्यांचा आजार त्यात पकडता आला नसता. ल्युकेमिया रक्तात आणि मगजात असतो. त्याचे निदान साध्या सीबीसी रक्ततपासणीतल्या बदलांवरून सुचते आणि बोन मॅरोच्या तपासणीने पक्के होते. सीटीमध्ये फार तर वाढलेली प्लीहा किंवा लसिकाग्रंथी दिसतील.

ओपीडीत आम्हाला नेहमी विचारले जाते की एकदाच सगळ्या अंगाचा स्कॅन केला तर सगळेच कळेल ना. तसे होत नाही. प्रत्येक कॅन्सरची आपली तपासणी आहे:

• तोंडाचा कॅन्सर डोळ्यांनीच दिसतो. तंबाखू, गुटखा, मशेरीची सवय असणाऱ्याच्या तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर स्कॅनच्या आधी डॉक्टरांना तोंड दाखवा. सीटी नंतर करतात, जबड्याचे हाड आणि मानेतल्या गाठी पाहण्यासाठी.

• स्तनासाठी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, गर्भाशयमुखासाठी पॅप किंवा एचपीव्ही तपासणी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर किती पसरला आहे, हे पाहण्यासाठी एमआरआय अधिक उपयोगी.

• अन्ननलिका, जठर, मोठे आतडे यांच्यासाठी दुर्बिणीची तपासणी.

• फुप्फुस, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या गाठींसाठी आणि कॅन्सरचा पसार पाहण्यासाठी सीटी फार मोलाचा आहे. अनेक वर्षे भरपूर धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कमी किरणांच्या छातीच्या सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्याचे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २०११ मध्ये दिसले. आपल्याकडे क्षयाचे जुने डागही फुप्फुसात गाठीसारखे दिसतात, म्हणून अशी तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी.

आणि सीटीवर गाठ कॅन्सरसारखी दिसली तरी शेवटचा शब्द बायोप्सीचा असतो. सीटी पाहत पाहत सुई नेमकी गाठीत नेऊन तुकडा काढता येतो. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती गावोगावी ऐकू येते. असे होणे फारच विरळ आहे. या भीतीने बायोप्सी टाळून गेलेले महिने मात्र हमखास नुकसान करतात.

किरणांची भीती किती खरी

छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट एवढे किरण मिळतात, छातीच्या नेहमीच्या सीटीत ६ ते ७, आणि कमी किरणांच्या सीटीत सुमारे १.५. जमीन, हवा, अन्न यांतून आपल्या सर्वांना वर्षाला २ ते ३ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे सीटी विनाकारण करू नये. पण कॅन्सरचा संशय असताना किंवा उपचार चालू असताना डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन किरणांच्या भीतीने टाळू नये. त्यातून मिळणारी माहिती त्या धोक्यापेक्षा खूप मोठी असते. सीटी झाल्यावर शरीरात किरण उरत नाहीत. घरी येऊन बाळाला जवळ घ्यायला हरकत नाही. पेट-सीटीनंतर मात्र काही तास लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून थोडे दूर राहायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगतात.

स्कॅनला जाताना

कर्जतहून लोकलने दादर-परळला पोचायला सुमारे दोन तास लागतात. खालापूर-खोपोलीकडून रस्त्याने पनवेलमार्गे खारघर जवळ पडते. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचेच 'अॅक्ट्रेक' केंद्र आहे आणि तेही आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. कुठे जायचे हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. निघण्याआधी हे पाहा:

• जुने रिपोर्ट, फिल्म आणि विशेषतः जुन्या स्कॅनची सीडी सोबत घ्या. गाठ वाढली की कमी झाली, हे तुलना केल्याशिवाय कळत नाही.

• कॉन्ट्रास्ट देणार असतील तर रक्तातील क्रिएटिनिन तपासलेले असावे. मूत्रपिंडाचा आजार, दमा, थायरॉइडचा त्रास, आधी कॉन्ट्रास्टची किंवा औषधाची अॅलर्जी झाली असेल तर आधीच सांगा.

• मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर ते थांबवायचे का, हे विचारा. स्वतःहून थांबवू नका.

• किती तास उपाशी राहायचे ते नीट विचारून घ्या. उपाशीपोटी लांबचा प्रवास करणाऱ्या मधुमेही रुग्णाने इन्सुलिन किंवा गोळीबद्दल आदल्या दिवशीच सूचना घ्यावी. पेट-सीटीच्या वेळी साखर फार वाढलेली असेल तर तपासणी पुढे ढकलावी लागते.

• कॉन्ट्रास्ट शिरेतून जाताना अंगभर गरम वाटते, लघवी झाल्यासारखे वाटते. ते मिनिटभरात जाते. पण अंगाला खाज, दम लागणे, घशात आवळल्यासारखे वाटले तर लगेच सांगा.

• पाळी चुकली असेल किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल तर स्कॅनच्या आधी सांगणे अत्यंत आवश्यक आहे.

• पेट-सीटीला अर्धा दिवस जातो. परतीची गाडी त्या हिशेबाने ठरवा आणि सोबत एक मोठे माणूस न्या.

• रेल्वेत कॅन्सर रुग्णांना प्रवासभाड्यात सवलत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

दोराबजींनी आपल्याला काय दिले

दोराबजी डॉक्टर नव्हते. त्यांनी कॅन्सरवर औषध शोधले नाही, यंत्रही बनवले नाही. त्यांच्याजवळ अमाप पैसा होता, तरी पत्नीच्या उपचारासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला. तसे अंतर दुसऱ्या कुणाला कापावे लागू नये यासाठी त्यांनी सर्वस्व दिले. आज खोपोलीतल्या कामगाराला किंवा कर्जतच्या वाडीतल्या आदिवासी बाईला जी तपासणी दोन तासांच्या अंतरावर मिळू शकते, ती १९३१ मध्ये जगातल्या कुठल्याच श्रीमंताला मिळत नव्हती.

अंतर कमी झाले, यंत्रे आली, तरी एक विलंब अजून उरला आहे आणि तो आपल्या घरात असतो. गाठ दुखत नाही म्हणून थांबणे, भात कापून झाल्यावर बघू म्हणणे, आधी झाडपाला करून पाहणे, रिपोर्ट आला तरी भीतीने कपाटात ठेवणे. लवकर सापडलेल्या अनेक कॅन्सरवर आज चांगले उपचार आहेत. तीन आठवडे न भरणारी जखम, वाढत जाणारी गाठ, कारण नसताना घटणारे वजन, थुंकीतून, शौचातून किंवा पाळी गेल्यानंतर येणारे रक्त, न थांबणारा खोकला, यांपैकी काहीही असेल तर याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांना दाखवा. स्कॅन लागेल की नाही, हे ते सांगतील.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजाराबद्दलचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.